ठशाचे वाचन आणि वाचकाचे उत्तरदायित्व

संहितेला अर्थ वाचक देतो, ही भूमिका स्वीकारली तरी त्या अर्थाला नकार देण्याचा अधिकार कोणाकडे उरतो, हा नैतिक प्रश्न शिल्लक राहतोच. जीवाश्मांच्या अभ्यासात तो अधिक स्पष्ट होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत १९४६ मध्ये रेग स्प्रिग यांना वालुकाश्मावर मृदुकाय सागरी जीवांचे ठसे आढळले. त्यांतील लंबगोल, वळ्यावळ्यांच्या डिकिन्सोनियाला कोणी कृमी मानले, कोणी दगडफूल, तर कोणी प्राणिसृष्टीबाहेरचा जीव. रशियातील श्वेत समुद्राकाठच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अवशेष असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले, तेव्हा तो प्राणीच असावा, हा पक्ष बळावला. अर्थ अनेक होते. परंतु प्रत्येकाला ठशापुढे स्वतःला तपासून घ्यावे लागले.

मध्य प्रदेशातील भीमबेटका येथे मात्र निराळेच घडले. तेथील गुहेतील एक आकृती २०२१ मध्ये डिकिन्सोनिया म्हणून जाहीर झाली. ती मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याची खूण असल्याचे २०२३ मध्ये इतर अभ्यासकांनी दाखवले आणि आधीच्या गटाच्या प्रमुखांनी ते मान्यही केले. येथे मुळात संहिताच नव्हती; आकाराच्या साम्यावरून ती वाचकाने रचली होती.

पूर्वज्ञानावाचून वाचन संभवत नाही. म्हणूनच आपला अन्वयार्थ कोणत्या पुराव्याने बाधित होईल, हे सांगण्याची जबाबदारी वाचकावर येते. साहित्याच्या समीक्षकालाही या जबाबदारीतून सूट मिळत नाही. संहितेची अनेकार्थता मान्य केल्याने ती उलट वाढतेच.