दगडाआधी जोड तुटावा

इसवी सनापूर्वी 447 मध्ये अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉन या मंदिराचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा तिथल्या पाथरवटांनी दोन दगडांच्या मध्ये चुना घातला नाही. संगमरवराचे ठोकळे त्यांनी इतके चोख घासून बसवले की सांध्यात हवेलाही वाट राहू नये. खांबही एकसंध नाहीत, गोल दगड एकावर एक चढवून ते उभे केलेले आहेत. दोन गोल दगडांच्या मध्यभागी लाकडी खुंटी असे. या टेकडीवरच्या खांबांमधल्या काही खुंट्या अडीच हजार वर्षांनंतरही न कुजलेल्या सापडल्या. शेजारशेजारचे ठोकळे धरून ठेवायला मात्र लोखंडी आकडे होते आणि प्रत्येक आकड्याभोवती वितळवलेलं शिसं ओतलेलं होतं. शिशामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे आणि धरणी हलली तर तो हादरा मऊ शिसं थोडाफार आपल्या पोटात घेई.

1687 मध्ये व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा या मंदिरावर पडला. आत तुर्कांचा दारूगोळ्याचा साठा होता. मंदिर मधोमध फुटलं आणि लांब बाजूंचे कितीतरी खांब आडवे झाले. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ ते तसेच पडून होते.

त्यांना पुन्हा उभं करणारा माणूस होता निकोलाओस बालानोस. 1894 च्या भूकंपानंतर काही वर्षांतच त्याने कामाला सुरुवात केली आणि 1920 च्या दशकात उत्तरेकडची कोसळलेली खांबांची रांग उभी करून दाखवली. आपल्या मातीतलं भग्न वैभव पुन्हा ताठ उभं राहिलेलं पाहून ग्रीक माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. बालानोसच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण त्याने लोखंड वापरलं आणि त्याभोवती शिसं ओतलं नाही. पडलेल्या दगडाची मूळ जागा कोणती हे न शोधता तो जिथे बसेल तिथे बसवला, आणि बसत नसेल तर कापून बसवला.

लोखंड गंजलं की फुगतं. दगडाच्या आत ते फुगू लागलं, तेव्हा संगमरवराला फुटण्यावाचून पर्याय उरला नाही. सांध्यांपाशी तडे गेले, कपचे निघाले. भूकंप आणि तोफगोळे सोसलेल्या दगडांना या प्रेमाने केलेल्या दुरुस्तीने आतून फोडलं.

आपल्याकडे गावोगावच्या काळ्या पाषाणाच्या देवळांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला दिसतो, तेव्हा मला बालानोस आठवतो. रंगाच्या थरांखाली यक्षांचे चेहरे, वेलबुट्टी, अंगठीएवढे दागिने बुजून जातात. रंग लावणाऱ्याची श्रद्धा खरीच असते. त्याला थांबवून या दगडाला काय हवं आहे ते आधी बघू या, असं म्हणणारं कुणी जवळ नसतं, एवढंच.

अथेन्समध्ये हे म्हणण्यासाठी 1975 मध्ये एक समिती नेमली गेली. वास्तुविशारद, अभियंते, रसायनतज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ असे सगळे तिच्यात होते. पार्थेनॉनवरचं त्यांचं काम 1980 च्या दशकात सुरू झालं आणि त्यातला मोठा भाग बालानोसची दुरुस्ती उलगडण्यात गेला. गंजलेलं लोखंड काढायचं, दगड खाली उतरवायचे, त्यांची मूळ जागा शोधायची. ही जागा शोधता येते याचं श्रेय मूळ कारागिरांना आहे. या मंदिरात काटकोनात सरळ असं जवळजवळ काहीच नाही. जोतं मधे किंचित उंचावलेलं, खांब वर जाताना बारीक होत आतल्या अंगाला जरासे कललेले. त्यामुळे वरवर सारखे दिसणारे दगड एकमेकांपासून केसभर निराळे आहेत. मानोलिस कोरेस या वास्तुविशारदाने टाक्यांच्या खुणा, आकड्यांच्या खाचा, झिजलेल्या कडा वर्षानुवर्षं वाचून विखुरलेल्या दगडांचे पत्ते लावले. इतका धीर मला एखाद्या पराक्रमापेक्षा मोठा वाटतो.

नव्या जोडांसाठी टायटेनियम वापरलं जातं, कारण ते गंजत नाही. पण मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते त्या मंडळींच्या एका हिशेबापाशी. टायटेनियमची कांब किती जाडीची घ्यायची, हे ठरवताना त्यांनी ती मुद्दाम संगमरवराहून कमी ताकदीची ठेवली. उद्या मोठा भूकंप आलाच, तर आधी कांब वाकावी किंवा तुटावी आणि प्राचीन दगड वाचावा. कांब पुन्हा घालता येते. अभियंत्याला आपलं काम अभेद्य व्हावं असं वाटणं किती स्वाभाविक आहे! इथे त्याने आपलं काम हरावं अशी सोय करून ठेवली. जे जपायचं त्याच्याहून जपणारा हात बळकट झाला की काय होतं, हे त्याने फुटलेल्या दगडांत पाहिलेलं होतं.

जिथे दगडाचा तुकडा हरवलेला आहे तिथे पेंटेली डोंगरातला नवा संगमरवर जोडतात. मूळ दगडही त्याच डोंगरातला. नवा तुकडा तुटक्या कडेला नेमका बसेल असा घडवतात, जुन्या दगडाला छिन्नी लावत नाहीत. पांढरेशुभ्र तुकडे जुन्या मधाळ दगडांत उठून दिसतात आणि पाहणाऱ्यांपैकी काहींना ते खटकतात. मला ते प्रामाणिक वाटतात. इथवर त्यांचं, इथून आमचं, असं ते उघड सांगतात. या संगमरवरात लोहाचा अंश असल्यामुळे काही पिढ्यांनी तेही मधाळ होत जातील आणि नजरेला फरक कळेनासा होईल. तोवरच्या आणि त्यानंतरच्या माणसांसाठी कोणता दगड कुठून उतरवला, कुठे चढवला, त्यात काय घातलं, याची चित्रांसह नोंद केलेली आहे. आज जोडलेलं काही चुकीचं निघालं, तर त्यांना ते सोडवता येईल.