माळा आणि दगड

लुस्त्र नगरांत लोकांनीं पौलास देव मानून बैल व माळा आणिल्या. चिथावणी मिळतांच त्याच नगरांत त्याजवर दगड पडले. आपल्या नांदेड-लातूरकडे पारावर मोबाइल घेऊन बसलेल्या मंडळींत आम्हांस तें लुस्त्र दिसतें. रोहित शर्मांच्या जागीं हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सचे कर्णधार झाले, म्हणून 2024 च्या एप्रिलांत वानखेडेवर त्यांची हुर्यो उडाली. मोबाइलवर तर शिव्यांचा पाऊस. 29 जूनला त्यांनींच शेवटचें षटक टाकिलें व भारतानें वीस षटकांचा विश्वचषक 7 धावांनीं जिंकला. 4 जुलैस त्याच मैदानांत त्यांच्या नांवाचा गजर! मनुष्य तोच. खेळ पाहणें पाप नव्हे; पण संघ हरला कीं ताट सारणारा, भावाशीं अबोला धरणारा तरुण कोणाच्या स्वाधीन आहे? उपदेशक बंधूंनीं त्यास एवढेंच विचारावें: एप्रिलांत शिव्या लिहिणाऱ्या बोटांनीं जुलैत जयघोष लिहिला, मध्यें क्षमा मागितली काय?