शेवटच्या पंगतीतला भात

आमच्या गावच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी महाप्रसाद असतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शेवटची पंगत बसली होती. एक पाहुणा दुसऱ्या घासाला थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "भात कच्चा आहे." वाढणारा पोरगा पहाटेपासून चुलवणापाशी धुरात उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तो ताडकन म्हणाला, "फुकट जेवताय, वर नावं कसली ठेवता?" पंगत गप्प झाली. माझी आजी उठली. पाहुण्याच्या पत्रावळीवरचं एक शीत तिने उचललं, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं आणि म्हणाली, "खरं बोलतोय तो. कणी राहिलीय."

"आजी, शीत बघूनच उतरवलंय," पोरगा म्हणाला. तोही खरंच बोलत होता. पण त्याने पाहिलं होतं ते कडेचं शीत.

गेले काही दिवस मी एका ऑनलाइन गेमची हकीकत समजून घेतोय आणि ती पंगत डोळ्यांपुढून हलत नाही. 'सिटी ऑफ हीरोज' हा अमेरिकेत बनलेला गेम 2004 साली सुरू झाला. खेळणाऱ्याने आपला महानायक घडवायचा, त्याला नाव द्यायचं, वेश द्यायचा आणि पॅरागॉन सिटी नावाच्या शहरात हजारो लोकांसोबत वावरायचं. गेम चालवणाऱ्या एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने तो बंद करायचं 2012 च्या ऑगस्टअखेर जाहीर केलं. खेळाडूंनी विनवण्या केल्या, सह्या गोळा केल्या, गेममधल्याच एका चौकात मशाली घेऊन जमले. 30 नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले आणि लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेली माणसं त्या सर्व्हरसोबत गेली. मी 'माणसं' म्हणतो, कारण खेळणारे त्यांच्याबद्दल तसंच बोलतात.

मग 2019 मध्ये कळलं की काही मोजक्या लोकांकडे गेमचा कोड होता आणि ते अनेक वर्षं गुपचूप एक सर्व्हर चालवत होते. बाहेर उरलेल्यांचा संताप झाला. पुढे कोड सगळ्यांना खुला झाला आणि स्वयंसेवकांनी 'होमकमिंग' नावाने गेम पुन्हा उभा केला. जानेवारी 2024 मध्ये कंपनीने त्यांना रीतसर परवानाही दिला. खेळायला पैसे लागत नाहीत. सर्व्हरच्या खर्चासाठी देणगी घेतात, महिन्याची रक्कम भरली की देणगीची खिडकी बंद करतात. 'पुरे' म्हणणारी ही सवय मला फार मोलाची वाटते.

अशा ठिकाणी तरी भांडण नसावं, असं वाटेल. पण बग, म्हणजे कोडमधल्या चुका, निघतातच. वीस वर्षांपूर्वीचा कोड, तो लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले. एका शक्तीचा हिशेब दुरुस्त करावा तर भलतीकडचं मिशन अडकतं. स्वयंसेवक दिवसभर नोकरी करून रात्री बसतो. त्याच्या मशीनवर सगळं नीट चालतं, चाचणीच्या सर्व्हरवर चार जणांनी तपासलेलं असतं. दुरुस्तीचा नवा पॅच जातो आणि हजारो लोक एकदम आत शिरले की तासाभरात कुणाच्या तरी ताटात कणी येते. शितावरून भाताची परीक्षा, हे घरच्या पातेल्याला लागू आहे. गावजेवणाच्या पातेल्यात कडेचं शीत मधल्या भाताची साक्ष देऊ शकत नाही. मधला भात कसा आहे, हे खाणाराच सांगणार.

म्हणून तक्रार करणाऱ्याला मी आधी उपद्रवी मानत नाही. पण 'गेमची वाट लावली' हे ओरडणं झालं. कोणत्या नकाशावर होतो, कोणती शक्ती वापरली, त्याआधी काय केलं, पुन्हा तसंच केल्यावर पुन्हा तसंच झालं का, हे लिहून देणारा खेळाडू अर्धी दुरुस्ती करून देतो. असा बग शोधायला त्याचीही रात्र गेलेली असते. तीही सेवाच आहे, आणि तिला सेवा म्हणायला आपण फार कमी पडतो.

दुसरा पेच जास्त अवघड आहे. काही बग लोकांना हवे असतात. याच गेममध्ये 2009 साली खेळाडूंना स्वतःची मिशनं रचायची सोय मिळाली. थोड्याच दिवसांत काहींनी अशी मिशनं रचली, की प्रतिकारच न करणारे शत्रू झटपट मारत जायचे आणि काही तासांत लेव्हलमागून लेव्हल चढायच्या. कंपनीने पळवाटा बुजवल्या आणि टोकाचा गैरवापर करणाऱ्यांना कारवाईचा इशारा दिला. तेव्हा बनवणारे पगारी होते. हीच वेळ बिनपगारी माणसावर येते, तेव्हा शिव्या थेट त्याच्या नावाने येतात. त्याने चूक सुधारलेली असते, पण कुणाची तरी बसलेली घडी मोडते. ज्याची घडी मोडली त्याला आधी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. आणि सांगूनही शिव्याच येणार असतील, तर सांगण्याचं बळ कुठून आणायचं, हेही त्या स्वयंसेवकाच्या जागी बसल्यावर कळतं.

'फुकट आहे, पटत नसेल तर जा' हे उत्तर मात्र मला कधीच पटलेलं नाही. खेळाडूने पैसे दिले नसतील, आयुष्यातल्या संध्याकाळी दिल्या आहेत. एकदा सगळं गमावून तो पुन्हा विश्वासाने आला आहे. ज्याला आपण पानावर बसवलं, त्याचा भात आपण पैसे घेतले की नाही यावर शिजत नाही. देणगी देणाऱ्यानेही हे लक्षात घ्यावं, की त्याने सर्व्हरच्या खर्चाला हातभार लावला आहे. कुणाची झोप विकत घेतलेली नाही. 'रात्रीत दुरुस्त करा' असा हुकूम सोडायचा हक्क त्या पावतीवर लिहिलेला नसतो.

हे फक्त गेमपुरतं नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी त्रुटी सापडली. जगभरच्या बलाढ्य कंपन्या ते वापरत होत्या, आणि ते सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक होते. दिवसरात्र खपून त्यांनीच एकामागून एक दुरुस्त्या दिल्या, आणि त्याच काळात लोकांचे टोमणेही ऐकले. गेममध्ये कुणाची लेव्हल जाते, इथे बँका आणि सरकारी कचेऱ्या टांगणीला होत्या. बोलण्याची तऱ्हा मात्र तीच. आपल्यासाठी राबणारा माणूस आपल्याला दिसत नाही आणि बिघाड तेवढा दिसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या दिवशी आजीने पोराला रागावलं नाही. "चल, मधून बघू," म्हणत ती त्याला घेऊन पातेल्याकडे गेली. उलथनं आत घालून मधला भात वर काढला, पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवून त्यावर निखारे पसरले. पोरगा पंगतीत परत आला आणि पाहुण्यापुढे उभा राहून म्हणाला, "मामा, पाव तास लागंल."

पाहुण्याने कच्चा भात पत्रावळीच्या कडेला सारला. "घाई नाही," तो म्हणाला. "तवर आमटी वाढ. आणि तू जेवलास का रे?"