चाकाला हवे असलेले घर्षण

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी 34 किलोमीटर धावून ठाण्याला पोचली. 1 मे 1854 रोजी ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. भोर घाट चढायला मात्र 1863 उजाडले, थळ घाटाला 1865. एकट्या भोर घाटात 25 बोगदे खोदावे लागले आणि त्या कामात हजारो मजूर दगावले. डोंगर एवढा पोखरावा लागला, त्याचे मूळ चाकाच्या स्वभावात आहे.

चाक घर्षण संपवते, ही आपली शाळेपासूनची समजूत. खरे तर ते घर्षणाची जागा बदलते. ओझ्याचे घासणे आसापाशी जाते, तिथे वंगण घालता येते. रुळावर उरते ती पकड, आणि ती नसती तर इंजिनाची चाके जागीच गरगरत राहिली असती.

डोंबिवलीच्या फलाटावरून रूळ जरा निरखून पाहा. कडा गंजलेल्या, माथ्यावर मात्र चकचकीत पट्टा. त्या पट्ट्यावर चाक टेकते ते जेमतेम नखाएवढ्या जागेत. सहा आसांचे विजेचे मालगाडी इंजिन सुमारे 120 टनांचे. म्हणजे बारा चाकांपैकी प्रत्येकाखालच्या तेवढ्याशा जागेवर 10 टन. हा भार हवाच. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतोंने 1699 मध्येच पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले होते.

सपाटीवर एक टन हलता ठेवायला दोनएक किलो वजनाइतका जोर पुरतो. लोखंडावर लोखंड इतके हलके फिरते, याचे मला आजही नवल वाटते. पण घाटात 37 मीटरला एक मीटर चढ आला की त्यात टनामागे 27 किलोंची भर पडते. गाडी तीच, ओढ दसपटीहून अधिक. याहून फार उभा चढ जड गाडीच्या चाकांना झेपला नसता, म्हणून तर बोगदे. त्यात रिमझिम पाऊस असेल तर रुळावरच्या गंजाचा आणि तेलाचा ओला थर चाक घसरवतो. अशा वेळी चालक चाकापुढच्या नळीतून रुळावर वाळू सोडतो. जे घर्षण टाळायला रूळ गुळगुळीत केले, तेच मुद्दाम पेरावे लागते.

कसाऱ्याला इगतपुरीकडे जाणाऱ्या जड गाड्यांना आजही मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावतात. त्यांनी ताकद वाढते, तशीच रुळांवर दाबून बसणारी चाकेही वाढतात. घाट चढायला दोन्ही लागतात.