राग आला, पण कोणाचा?

शास्त्रवाचन : 2 शमुवेल 12:1-13



नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हा बथशेबेचे बाळ जन्मले होते. म्हणजे उरीयाला मारून कित्येक महिने झाले होते. इतके दिवस दावीद जेवत होता, झोपत होता, राज्य करत होता. कसे जमले त्याला? मागच्या अध्यायात पाहा (11:25). उरीया पडल्याचे कळल्यावर त्याने यवाबाला निरोप दिला की, मनाला लावून घेऊ नकोस, लढाई म्हटली की माणसे पडायचीच. झाले! खुनाला लढाई म्हटले आणि स्वतःची समजूत घातली.

मग नाथानाने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद भडकला. चौपट भरपाई झालीच पाहिजे म्हणाला. निर्गम 22:1 मध्ये नियम तोच आहे. नियमशास्त्र त्याला चांगले ठाऊक होते. दुसऱ्याचे पाप दिसत होते. स्वतःचे तेवढे दिसत नव्हते.

मागे एकदा मी मत्तय 18 मधल्या निर्दय चाकरावर संदेश तयार करत होतो. मंडळीतल्या एका बंधूला हा अगदी लागू पडेल, असे मनात येत होते. तेवढ्यात बायकोने विचारले, "भाऊजींशी बोलून किती वर्षं झाली हो?"

मी पटकन म्हणालो, "माझ्या मनात काही नाही. मी त्याला केव्हाच क्षमा केलीय. फक्त संबंध नको."

ती काहीच बोलली नाही. पण माझेच शब्द मला टोचत राहिले. जागेच्या वाटणीवरून चार वर्षे मी धाकट्या भावाची पायरी चढलो नव्हतो, आणि त्याला क्षमा म्हणत होतो!

याकोब 1:22 प्रमाणे, वचन नुसते ऐकणारा स्वतःलाच फसवतो. शिकवणाऱ्याला तर धोका जास्तच. शिकवले की पाळल्यासारखेच वाटते. म्हणून 'स्वतःला तपासा' एवढे सांगून भागत नाही. फसलेले मन स्वतःची परीक्षा घेते आणि स्वतःलाच पास करते. आपल्याला नाथान लागतो. देवाने तो पाठवला, हीच दाविदावरची कृपा. तुमचा नाथान कदाचित घरातच असेल. त्याला गप्प बसवू नका.

मी भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच आला. सगळे मिटले असे म्हणणार नाही, तीही फसवणूकच होईल. पण बोलणे सुरू झालेय.

प्रार्थना : हे प्रभू, मी माझ्या पापाला दिलेले गोंडस नाव काढून घे आणि मला खरे बोलायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.