चुकलेली मागणी आणि ठरीव उत्तर

चुकीच्या दारीं आलेल्या मनुष्यास काय सांगावें, हा प्रश्न जितका व्यवहाराचा तितकाच नीतीचाही आहे. आम्हां वांद्रेकरांस तो सुचण्याचें निमित्त जवळच आहे. १९९० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. त्याची जिल्हाधिकारी कचेरी येथेंच, पूर्वेस आहे. अशा कचेरींत भलत्याच खिडकीपुढें उभा राहिलेला मनुष्य कोणीं पाहिला नाहीं? त्यास कारकुनानें "ही खिडकी तुमची नव्हे" असें सांगावें, कीं हातीं लागेल तो दाखला देऊन वाटेस लावावें? दुसरा मार्ग कोणासही हास्यास्पद वाटेल. परंतु संगणकांच्या जाळ्यांत तोच मार्ग कित्येकदां सौजन्य म्हणून पत्करला जातो.

तेथें एक यंत्र दुसऱ्या यंत्रास कृतीचें नांव घेऊन काम सांगतें. नांवांत एक अक्षर चुकलें, तर मागणी निरर्थक होते. या व्यवहाराच्या १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमावलींत काम यथास्थित झाल्यास २००, मागणीच सदोष असल्यास ४००, आणि मागितलेली वस्तु न सांपडल्यास ४०४ असे आंकडे नेमून दिले आहेत. तथापि कांहीं प्रोग्रॅमर अशी तजवीज करितात कीं, अनोळखी मागणी आली म्हणजे ती निमूटपणें एका ठरीव कृतीकडे वळावी आणि उत्तरावर २०० चा शिक्का बसावा. समजा, 'हप्ता थांबवा' ही मागणी अक्षर चुकून आली, आणि सेवेनें 'शिल्लक दाखवा' ही ठरीव कृति करून 'ठीक' म्हणून कळविलें. मागणारें यंत्र निश्चिंत होतें. खातेदाराचे पैसे मात्र कापले जातच राहतात. चूक झांकली गेली, म्हणून ती सुधारण्याची संधिही गेली.

यावर कोणी म्हणेल, नकार देऊन अडवून धरण्यापेक्षां कांहींतरी देणें बरें. या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. भांबावलेल्यास सेवांची यादी दाखविणें, किंवा बदललेल्या नांवाची मागणी नव्या नांवाकडे पोंचविणें, हा उपकारच होय. आमचा आक्षेप वळविण्यास नाहीं, न सांगतां वळविण्यास आहे. येथें आपला कायदा चांगला गुरु आहे. दुसऱ्या खात्याचा अर्ज आल्यास तो पांच दिवसांच्या आंत योग्य ठिकाणीं पाठवावा, आणि तसें अर्जदारास ताबडतोब कळवावें, असें बंधन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें घातलें आहे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता भलत्या न्यायालयांत आलेला दावा योग्य न्यायालयांत दाखल करण्यासाठीं परत द्यावयास सांगते, आणि परत देण्याचें कारण न्यायाधीशानें त्यावर नमूद करावयाचें असतें. दोहोंतही आपल्या मागणीचें काय झालें, हें मागणाऱ्यास कळतें.

हा दोष केवळ यंत्रांचा नव्हे; आम्हां शिक्षकांस तो चांगलाच परिचित आहे. विद्यार्थ्याचा प्रश्न उमगला नाहीं म्हणजे आम्हांस येत असलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही ऐटीनें देतों; तो मान डोलावून खालीं बसतो, आणि समाधान झालें असें समजून आपला प्रश्नच विसरून जातो. "तुझा प्रश्न मला समजला नाहीं, पुन्हां विचार" इतकें म्हणण्यास आमचा थोडासा मान खर्चीं पडला असता. न म्हटल्यानें त्याचा प्रश्न खर्चीं पडला. यंत्रास अभिमान नसतो. त्याच्याकडून तरी प्रामाणिक नकार मिळावा, एवढी अपेक्षा त्याच्या कर्त्यापाशीं करणें अवास्तव नव्हे.