फितुराला दिलेला घास



१ नोव्हेंबर २००६ रोजी लंडनच्या एका हॉटेलात अलेक्झांडर लिटविनेन्को या माजी रशियन हेराने चहा घेतला. त्यात पोलोनियम हे किरणोत्सारी विष होते. बावीस दिवसांनी तो मरण पावला. २०१६ साली ब्रिटिश चौकशीने या खुनासाठी रशियन राज्यकर्त्यांकडे बोट दाखवले. रशियाने आरोप नाकारला.

मार्च २०१८ मध्ये सॉल्झबरी शहरात सर्गेई स्क्रिपाल या दुसऱ्या माजी हेराच्या दाराच्या मुठीला नोविचोक हे विष लावलेले आढळले. तो व त्याची मुलगी वाचली. मात्र जुलैमध्ये डॉन स्टर्जेस ही स्त्री दगावली. टाकून दिलेल्या बाटलीतले ते विष तिने अत्तर समजून अंगाला लावले होते. तिने कोणाशी फितुरी केली होती?

आपण पटकन म्हणतो, ‘गद्दाराने केले ते भोगले.’ पण गुपिते विकल्याबद्दल स्क्रिपालला रशियन न्यायालयाने शिक्षा दिली होती आणि २०१० साली माफीही मिळाली होती. त्यानंतरचे विष, लावणारा कोणीही असो, न्याय नव्हे, तो सूडच.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूला आपला घात करणारा ठाऊक होता. तरी त्याने यहूदाला स्वतःच्या हाताने घास दिला.

आपण कोणाच्या चहात विष घालत नाही. दुखावणाऱ्याविषयी इतरांचे कान मात्र भरतो. तेही विष एकाच माणसापाशी थांबत नाही. आज ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण त्या माणसाचे नाव प्रार्थनेत घेऊ या.